पालकाच्या हाती आलेली पोटगी आणि सज्ञान झालेल्या मुलांचे हक्क

आईवडील विभक्त झाल्यावर न्यायालय मुलासाठी जी पोटगी ठरवते, ती बहुधा आईच्या हाती आणि काही घरांत आजोबा, मामा किंवा अन्य नातलगाच्या हाती दिली जाते, कारण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाला स्वतः ती स्वीकारता येत नाही. मात्र पैसे स्वीकारणारी व्यक्ती आणि ज्याच्यासाठी ते दिले गेले ती व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. ही पोटगी मुलाचा हक्क आहे, आणि पालक ती मुलाच्या वतीने घेतो. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की या व्यवस्थेतील पालकाची जागा संपते आणि काही प्रश्न एकदमच समोर येतात. वडिलांनी बुडवलेली जुनी रक्कम आता कोणी मागायची, पुढच्या शिक्षणाचा खर्च मागता येतो का, आणि इतकी वर्षे पालकाकडे जमा झालेल्या पैशांवर आपला काही अधिकार आहे का, हे त्यांतले मुख्य. मुंबईत राहणाऱ्या, नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या पालकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. विशिष्ट प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल. पण वकिलासमोर बसण्यापूर्वी आपला प्रश्न नेमका कोणता, हे माहीत असले तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

आधी आदेश वाचा

पहिले काम म्हणजे मूळ आदेश किंवा हुकूमनामा हातात घेऊन सावकाश वाचणे. अनेक घरांत तो कपाटातल्या जुन्या फाइलमध्ये पडून असतो आणि मुलांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. तो वाचताना चार ठिकाणी थांबावे. सुरुवातीला पक्षकारांची नावे असतात. तिथे अर्जदार क्रमांक १ म्हणून आईचे आणि अर्जदार क्रमांक २ म्हणून तुमचे नाव 'अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई' अशा शब्दांत असेल, तर तुम्ही त्या प्रकरणात स्वतः पक्षकार आहात. तुमचे नाव तिथे नसेल आणि घटस्फोटाच्या अर्जातच मुलांच्या पोटगीचा आदेश झाला असेल, तर तो बहुधा हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली, किंवा नोंदणी विवाह असल्यास विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ३८ खाली झालेला असतो. ही दोन्ही कलमे फक्त अज्ञान मुलांबद्दल आहेत.

त्यानंतर आदेश कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. जुने आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असतील. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून हीच तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. कायदा बदलला म्हणून जुना आदेश रद्द झालेला नाही. तिसरी पाहायची गोष्ट म्हणजे रक्कम आईची आणि मुलाची अशी वेगवेगळी दिली आहे की एकत्र. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, म्हणजे रक्कम कधीपर्यंत द्यायची आहे. 'सज्ञान होईपर्यंत', 'लग्न होईपर्यंत', 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत' किंवा 'पुढील आदेशापर्यंत' या प्रत्येक शब्दप्रयोगाचा परिणाम निराळा आहे.

परस्पर संमतीने झालेल्या घटस्फोटात समझोत्याच्या अटी हुकूमनाम्याचा भाग होतात, म्हणून त्या विशेष लक्ष देऊन वाचाव्यात. वडील मुलाच्या पदवीपर्यंतच्या किंवा पदव्युत्तर शिक्षणाची फी भरतील, असे कलम त्यात असेल तर अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून ते कलम संपत नाही. तिथे वडिलांवर आलेले बंधन त्यांनी स्वतः न्यायालयासमोर मान्य केलेले असते. म्हणून अशा मुलामुलींनी नवा दावा लावण्याचा विचार करण्यापूर्वी त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा विचार करावा.

अनेक समझोत्यांत याच्या उलट वाक्यही आढळते. आईने स्वतःसाठी आणि मुलांसाठी भविष्यात काहीही मागणार नाही, असे लिहून दिलेले असते. घटस्फोट लवकर व्हावा, रोजचा जाच संपावा, म्हणून कितीतरी बायकांनी अशा कागदावर सही केलेली असते, आणि त्याबद्दल त्यांना मुलांनी बोल लावू नये. आई स्वतःचा हक्क सोडू शकते. मुलाचा निर्वाहाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तिला नाही, आणि न्यायालये अशी वाक्ये मुलावर बंधनकारक मानत नाहीत. शिवाय अज्ञान मूल पक्षकार असलेल्या दिवाणी दाव्यात न्यायालयाच्या परवानगीविना केलेली तडजोड ते मूल नाकारू शकते, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ च्या नियम ७ मध्ये म्हटले आहे. म्हणून ते वाक्य वाचून निराश होऊ नये.

आदेशाची प्रत घरात नसेल तर ती न्यायालयातून मिळवता येते. मुंबई शहर आणि उपनगरांतील अशी प्रकरणे वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात चालतात. ठाण्याचे कौटुंबिक न्यायालय वेगळे आहे. प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर नकलेसाठी अर्ज करता येतो. क्रमांक माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर पक्षकारांच्या नावाने शोध घ्यावा. अलीकडच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो, तो सापडला की पुढचे काम सोपे होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या कलम १२८ मध्ये, एक उपयुक्त तरतूद आहे. पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या लाभासाठी आदेश झाला त्याला, त्याच्या पालकाला किंवा ज्याच्या हाती रक्कम द्यायची त्याला विनामूल्य दिली पाहिजे. नकलेच्या अर्जात या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

जुनी थकबाकी

वडिलांनी कित्येक महिने किंवा वर्षे पोटगी दिलीच नाही, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला, आता काय मागणार, असे सांगून त्या पैशांवर पाणी सोडायला लावले जाते. हे चुकीचे आहे. सज्ञान होण्याच्या दिवसापर्यंत जी रक्कम देय झाली ती देयच राहते. वयाने पुढची पोटगी थांबू शकते, मागची फिटत नाही.

परंतु वसुलीच्या मार्गांना मुदतीची अट आहे, आणि इथेच बहुतेकांचे नुकसान होते. कलम १४४ च्या पोटकलम ३ खाली न्यायालय वसुलीचे वॉरंट काढू शकते आणि तरीही पैसे न भरणाऱ्याला प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगात पाठवू शकते. मात्र हे वॉरंट मिळवायचे तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीला दरमहा ५,००० रुपये पोटगी दर महिन्याच्या ५ तारखेला द्यायची होती, जानेवारी २०२१ पासून एकही हप्ता आला नाही आणि ३१ मार्च २०२५ रोजी ती सज्ञान झाली. एकूण ५१ महिन्यांचे २,५५,००० रुपये थकले. तिने २ जून २०२५ रोजी वसुलीचा अर्ज दिला, तर वॉरंटचा मार्ग फक्त जून २०२४ ते मार्च २०२५ या दहा महिन्यांसाठी, म्हणजे ५०,००० रुपयांसाठी खुला राहतो. तोच अर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला दिला तर आठ महिनेच उरतात. वाट पाहिलेला प्रत्येक महिना या हिशेबातून एक हप्ता वजा करतो.

उरलेले २,०५,००० रुपये बुडाले असे मात्र समजू नये. ही एक वर्षाची अट केवळ या कठोर मार्गाला आहे, पोटगीच्या हक्काला नाही, आणि दिवाणी मार्गाने वसुली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात न्यायालयाने पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे करता येईल, असे सांगितले. म्हणजे दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून वडिलांचे बँक खाते, मालमत्ता किंवा पगार जप्त करून मागता येतो. पगाराच्या बाबतीत पोटगीला कायद्याने विशेष वजन दिले आहे: पोटगीच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीची सर्वसाधारण मुदत बारा वर्षे आहे. तुमच्या आदेशाला नेमकी कोणती मुदत लागू होते हे तो कोणत्या कलमाखाली आहे यावर ठरते, म्हणून हा प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावा.

अर्ज कोणाच्या नावाने करावा, यावरही वाद घातला जातो. वडिलांचे वकील कधी म्हणतात की रक्कम आईला द्यायची होती, मुलगी कोण मागणारी. आणि आईने अर्ज केला की म्हणतात, मुलगी आता सज्ञान आहे, आई कोण मागणारी. या दोन्ही हरकतींना एकाच वेळी उत्तर देण्याचा सरळ उपाय म्हणजे दोघींनी मिळून संयुक्त अर्ज करणे. सोबत महिनावार तक्ता जोडावा: कोणत्या महिन्याची रक्कम, देय तारीख, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख आणि बाकी. आईच्या पासबुकाच्या नोंदी किंवा बँकेचा खातेउतारा त्यासोबत असावा. वडिलांनी अधूनमधून रोख रक्कम दिली असेल तर तीही प्रामाणिकपणे दाखवावी. मिळालेले लपवले आणि ते समोर आले, तर उरलेल्या खऱ्या मागणीवरही शंका घेतली जाते.

वडील मुंबईत राहत नसतील तरी अडचण मोठी नाही. कलम १४७ प्रमाणे ते जिथे असतील तिथल्या न्यायालयातूनही आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते. तुरुंगात जाऊन आलो, आता पैसे द्यायचे नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवले आहे की तुरुंगवास हा वसुलीचा मार्ग आहे, त्याने देणे फिटत नाही.

अठरा वर्षांनंतरची पोटगी

या प्रश्नाचे उत्तर मुलगी, मुलगा आणि दिव्यांग अपत्य यांच्यासाठी वेगवेगळे आहे. मला यातला मुलगा-मुलगी भेद न्याय्य वाटत नाही, पण आज कायदा असाच आहे आणि त्याच्या चौकटीतच मागणी करावी लागते.

अविवाहित मुलीची बाजू भक्कम आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० प्रमाणे, जी अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नाही, तिला सांभाळण्याचे बंधन आईवडिलांवर आहे आणि त्याला अठरा वर्षांची मर्यादा नाही. या कायद्यात निर्वाहाचा अर्थही व्यापक आहे: अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधोपचार आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांतील मुलींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, वडिलांनी मुलींना लग्न होईपर्यंत पोसण्याचे बंधन मान्य केले आहे.

अडचण येते ती कोणत्या दाराने आत जायचे यावर. कलम १२५, म्हणजे आताचे कलम १४४, सज्ञान मुलीला फक्त शारीरिक किंवा मानसिक अक्षमता असेल तरच पोटगी देते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सज्ञान अविवाहित मुलीसाठी आईने कलम १२५ खाली केलेली मागणी ग्राह्य मानली होती. त्यानंतर १५ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'अभिलाषा विरुद्ध प्रकाश' या निकालात भेद स्पष्ट केला: कलम १२५ खालच्या झटपट चालणाऱ्या कार्यवाहीत दंडाधिकारी सज्ञान, सुदृढ मुलीला पोटगी देऊ शकत नाही, तिचा व्यापक हक्क १९५६ च्या कायद्यातील कलम २० चा आहे, आणि जिथे कौटुंबिक न्यायालयाला दोन्ही कायद्यांखाली अधिकार आहेत, तिथे ते न्यायालय योग्य प्रकरणात कलम २० चा हक्क बजावून देऊ शकते. मुंबईकर मुलींसाठी ही शेवटची ओळ फार मोलाची आहे, कारण मुंबईत कौटुंबिक न्यायालय आहे. म्हणून अर्जात केवळ कलम १४४ लिहून थांबू नये. मुलीने स्वतःच्या नावाने, १९५६ च्या कायद्यातील कलम २० आणि निर्वाहाची व्याख्या देणाऱ्या कलम ३ चा स्पष्ट उल्लेख करून मागणी करावी आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगीही मागावी. हा एक परिच्छेद मसुद्यात नसल्यामुळे अर्ज फेटाळला जाणे हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे.

शिक्षणाच्या खर्चाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेला आदेशही माहीत असावा. आयर्लंडमध्ये शिकणाऱ्या एका मुलीने विभक्त राहणाऱ्या वडिलांनी शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये स्वाभिमानापोटी परत करू पाहिले होते. न्यायालयाने म्हटले की शिक्षण घेण्याचा तिचा हक्क कायम आहे, त्यासाठी आईवडिलांनी आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च देणे हे त्यांच्यावरचे कायदेशीर बंधन ठरू शकते, आणि ती रक्कम तिचीच आहे. ज्या मुलींना वडिलांकडे फी मागताना भीक मागितल्यासारखे वाटते, त्यांनी हा आदेश लक्षात ठेवावा.

सज्ञान, सुदृढ मुलाला मात्र कलम १४४ खाली किंवा कलम २० खाली पोटगी मिळत नाही. बारावीनंतर, ज्या वर्षी अभियांत्रिकीची किंवा वैद्यकीय प्रवेशाची मोठी फी भरायची असते नेमक्या त्याच वर्षी, त्याची पोटगी थांबते. यावर दोन मार्ग उरतात. पहिला वर सांगितला: समझोत्याच्या अटींत शिक्षणाचे कलम असेल तर त्याची अंमलबजावणी. दुसरा मार्ग आईच्या नावाने जातो. आईला स्वतःची पोटगी मिळत असेल तर परिस्थिती बदलल्याच्या कारणावरून ती वाढवून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे, आणि सज्ञान पण न कमावणाऱ्या मुलाचा सगळा भार आईवर पडतो ही वस्तुस्थिती त्या अर्जात मांडता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच विचाराने एका आईला रक्कम मंजूर केली होती. तो निकाल मुंबईतील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा उपयोग होतो. ज्या पालकांचा समझोता अजून व्हायचा आहे, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की मुलगा असो वा मुलगी, पहिल्या पदवीपर्यंतची फी, वसतिगृह आणि परीक्षाशुल्क कोण आणि किती भरणार हे अटींत आकड्यांसह लिहून घ्यावे.

शारीरिक किंवा मानसिक अक्षमतेमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याची पोटगी अठरा वर्षांवर थांबत नाही. कलम १४४ मध्येच तसे म्हटले आहे. फक्त विवाहित मुलगी त्यातून वगळली आहे. व्यवहारात त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) अठरावा वाढदिवस येण्याआधीच तयार ठेवावे. याशिवाय एक गोष्ट अनेक पालकांना उशिरा कळते. बौद्धिक अक्षमता असलेले मूल सज्ञान झाले की आई आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत काम करते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे असल्यामुळे आपल्या पत्त्याप्रमाणे योग्य जिल्हाधिकारी कार्यालय निवडावे. उपनगरचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे आणि शहराचे फोर्टमध्ये, जुन्या कस्टम हाउसमध्ये. ते प्रमाणपत्र हाती असले की पोटगी कोणाच्या खात्यात जावी हा वाद उरत नाही.

पालकाकडे हिशेब मागावा का

या प्रश्नावर सावधपणे बोलले पाहिजे, कारण अनेकदा तो मुलाच्या मनात स्वतःहून येत नाही, वडिलांकडून किंवा त्यांच्या नातलगांकडून पेरला जातो. दरमहा मिळणारी पोटगी ही रोजच्या खर्चासाठी असते. घरभाडे, किराणा, शाळेची फी, बसचा पास, दवाखाना यांत ती संपणे हाच तिचा उद्देश आहे. मुंबईत एका खोलीचे भाडे काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याला दरमहा चार-पाच हजारांच्या पोटगीतून शिल्लक उरली असेल असे वाटणार नाही. अशा रकमेचा पैन्‌पैचा हिशेब मुलाला सांभाळलेल्या आईकडे मागण्यात कायद्याच्या दृष्टीने फारसे हशील नाही, आणि माणुसकीच्या दृष्टीने तर मुळीच नाही. मूल आपल्याकडे वाढत असताना आईने त्यावर पोटगीपेक्षा जास्तच खर्च केलेला असतो.

वेगळी स्थिती असते ती एकरकमी ठेवींची. समझोत्यात मुलाच्या नावे मुदत ठेव, विमा, म्युच्युअल फंड किंवा घरातील हिस्सा दिला असेल तर ती मुलाची स्वतःची मालमत्ता आहे, आणि पालक तिचा केवळ राखणदार असतो. न्यायालयाने नेमलेला पालक, समजा मामा किंवा काका, असेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे त्याचे पाल्याशी नाते विश्वस्ताचे असते. पाल्य सज्ञान झाल्यावर पालकाचे अधिकार संपतात आणि कलम ४१ प्रमाणे न्यायालय त्याला मालमत्ता आणि तिचे हिशेब सोपवण्याचा आदेश देऊ शकते. असा अर्ज ज्या न्यायालयाने पालक नेमला तिथे करावा. हिंदू कुटुंबात नैसर्गिक पालकाने, अगदी आईने किंवा वडिलांनीसुद्धा, अज्ञान मुलाचे घर किंवा जमीन न्यायालयाच्या परवानगीविना विकली असेल तर ती विक्री मुलाला रद्द करून घेता येते. त्यासाठीची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे आहे, म्हणजे एकविसावा वाढदिवस ही सीमारेषा समजावी. पालक न्यायालयाने नेमला असेल तर सज्ञानतेचे वय एकवीस, ही जुनी समजूत आता खरी नाही. १९९९ च्या दुरुस्तीनंतर सर्वांसाठी ते अठराच आहे.

ठेवींच्या बाबतीत बँकेचे काम वेळेवर करावे. अज्ञान खातेदार सज्ञान झाला की बँक त्याची नवी केवायसी, नमुना सही आणि खाते चालवण्याच्या नव्या सूचना मागते, आणि ती पूर्तता होईपर्यंत पालकाच्या सहीवर व्यवहार करू देत नाही. म्युच्युअल फंडाच्या फोलिओतही असाच दर्जाबदल करावा लागतो. पॅन कार्ड लहानपणी काढले असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, ते आधी अद्ययावत करावे. पोटगी थेट बँकेत जमा होत असेल आणि पुढेही मुलीलाच मिळायची असेल, तर तिच्या स्वतःच्या खात्याचा तपशील न्यायालयात अर्ज देऊन नोंदवून घ्यावा. वडिलांना नुसता मोबाइलवर निरोप पाठवून खाते बदलले, तर पुढे पैसे दिले की नाही यावर भांडण होते.

चालू प्रकरण असेल तर

दावा चालू असतानाच अठरा वर्षे पूर्ण झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता अर्ज द्यावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ च्या नियम १२ प्रमाणे सज्ञान झालेल्या वादीने दावा पुढे चालवायचा की नाही हे ठरवायचे असते. चालवायचा असेल तर पालकाला मुक्त करून स्वतःच्या नावाने चालवण्याची परवानगी मागावी आणि दाव्याच्या शीर्षकात 'पूर्वी अज्ञान, आता सज्ञान' अशी दुरुस्ती करून घ्यावी. वयाचा पुरावा म्हणून महानगरपालिकेचा जन्मदाखला जोडावा आणि नवे वकीलपत्र स्वतःच्या सहीने द्यावे. हे न केल्यास वडिलांचे वकील नेमक्या अंतिम युक्तिवादाच्या दिवशी हरकत घेतात आणि तारीख पुढे जाते.

अर्जासोबत काय लागते हेही सांगतो. 'रजनेश' निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. सज्ञान मुलीने त्यात आपली शिष्यवृत्ती, शिकवण्यांचे किंवा अर्धवेळ नोकरीचे उत्पन्न दाखवावे. थोडी कमाई असली म्हणून हक्क जात नाही, ती निर्वाहाला पुरते का, एवढेच पाहिले जाते. कॉलेजची फीची पावती, प्रवेशपत्र, वसतिगृहाचे किंवा घरभाड्याचे कागद, वैद्यकीय बिले आणि पुढील वर्षांच्या फीचे महाविद्यालयाने छापलेले कोष्टक जोडावे. वडिलांच्या उत्पन्नाचे पुरावे हाती नसतील तरी ते काय काम करतात, कुठे करतात, कोणती गाडी, कोणते घर, हे ठोस शब्दांत लिहावे, म्हणजे त्यांच्या शपथपत्राशी ताडून पाहता येते. आई नोकरी करत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो, याची तयारी ठेवावी.

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण आधी समुपदेशकाकडे जाऊ शकते. ही बैठक टाळू नये. पोटगीच्या प्रकरणांत मुलगी आणि वडील कित्येक वर्षांनी तिथे प्रथमच समोरासमोर बसतात, आणि फीचा निम्मा प्रश्न कधीकधी त्या खोलीतच सुटतो. तिथे काही ठरलेच तर ते लेखी करून न्यायाधीशांसमोर नोंदवून घ्यावे. तोंडी कबुलीवर अर्ज मागे घेऊ नये.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रियांना आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींनाही नाही. इतर सज्ञान मुलांना उत्पन्नमर्यादा लागू होते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास माहिती मिळते. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, म्हणून शुल्काच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम मागितली तर त्याची पावती मागावी.

वडिलांचे निधन झाले असेल तरी चौकशी थांबवू नये. १९५६ च्या कायद्याच्या कलम २१ आणि २२ प्रमाणे अविवाहित मुलगी ही अवलंबित ठरते आणि ज्या वारसांच्या हाती वडिलांची मालमत्ता गेली, त्यांच्यावर त्या मालमत्तेतून तिच्या निर्वाहाची जबाबदारी येते. विभक्त झालेल्या आईबरोबर वाढलेली मुले वडिलांच्या पहिल्या वर्गाच्या वारसांतही मोडतात. आईवडिलांचा घटस्फोट झाला तरी मुलांचे वडिलांशी असलेले नाते आणि वारसाहक्क तुटत नाहीत. त्यामुळे मृत्युदाखला, वडिलांच्या नोकरीच्या ठिकाणची भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) नोंद, आणि घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर सभासदत्वाची नोंद, हे कागद लवकरात लवकर लेखी अर्ज करून मागावेत आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.